वायरलेसवाले नाटेकरभाऊ

नाटेकरभाऊ फोन उचलल्यावर कधीही 'हॅलो' म्हणत नसत. "रत्नागिरी, नाटेकर, बोला," एवढंच म्हणून थांबत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला यावरून फैलावर घेतलं. मी नियंत्रण कक्षातला फोन उचलून गोड आवाजात 'हॅलो' म्हटलं, तर त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, पलीकडच्या माणसाशी बोलणं संपवलं आणि मग माझ्याकडे वळले.

"हॅलो म्हटलंस म्हणून त्याला काय कळलं गो? कोण बोलतंय, कुठनं बोलतंय, जागं हाय की झोपेत? हॅलो तर पोपट पण बोलतो."

मला रडूच आलं होतं. अठ्ठ्याण्णव साल होतं. माझे वडील वीज खात्यात लाइनमन होते, नोकरीत असतानाच आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. घरी आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. मला टायपिंग येत होतं, पण साहेबांनी मला नियंत्रण कक्षात टाकलं. तिथे काम एकच. जिल्ह्यातल्या उपकेंद्रांशी बोलत राहायचं. कुठली लाइन चालू, कुठली बंद, कोण खांबावर चढणार आहे, कोण उतरला, हे सगळं बोलून विचारायचं आणि वहीत लिहायचं. लाइन बंद आहे याची खात्री करून आपण परवाना दिला, की मगच माणूस खांबावर चढतो. म्हणजे त्याचा जीव आपल्या तोंडच्या शब्दावर असतो. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. भाऊंनी सांगितलं, तेही त्यांच्या पद्धतीने.

एकदा मी म्हटलं, "लाइन बहुतेक बंद झालीये."

भाऊ खुर्चीतून उठलेच. "बहुतेक? मग वर चढलेला माणूस बहुतेक जिवंत उतरेल. त्याच्या बायकोला काय सांगशील, बहुतेक येतील म्हणून?"

त्या दिवसापासून 'बहुतेक' हा शब्द आमच्या कक्षातून गेला. नवीन आलेला एखादा चुकून बोललाच, तर आम्ही सगळे एकदम भाऊंकडे बघायचो.

ते दाभोळचे. घराणं मासेमारीचं. बाप, चुलते, सगळे होड्यांवर. हे एकटेच आयटीआय करून खात्यात चिकटले आणि दळणवळणाच्या विभागात पडले. वायरलेसचे सेट, खांबांवरच्या अँटेना, बॅटऱ्या, टेलिफोन, सगळं त्यांच्याकडे, आणि माणसं कमी म्हणून नियंत्रण कक्षातली पाळीही. खात्यात त्यांना वायरलेसवाले भाऊ म्हणायचे. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात टेस्टर आणि घडी घातलेलं एक जुनं मलमलचं फडकं. हे फडकं तोंड पुसायला नव्हे. आमच्याकडे खारा वारा धातूच्या प्रत्येक जोडावर बसतो आणि आतून खातो. भाऊ जिथे जातील तिथे आधी जोड उघडून फडक्याने पुसत, वास घेत आणि मग आवळत. "मीठ चढलं," असं ते जोडाकडे बघून म्हणत, तेव्हा घरात कुणाला ताप चढल्यासारखा चेहरा करत.

मोठ्या उपकेंद्रांशी बोलायला एक वेगळा फोन होता. आम्ही त्याला कॅरिअर म्हणायचो. त्याला स्वतःची तार नव्हती. ज्या उच्चदाबाच्या तारांमधून वीज जाते, त्याच तारांवरून आवाजही जायचा. मला ते जादूसारखं वाटे. भाऊ मात्र तो फोन वैद्यासारखा कानाला लावत. त्यातली खरखर ऐकून सांगत, "घाटात वीज चमकतेय," किंवा "किनाऱ्याकडं धुकं हाय, तारा ओल्या झाल्यात." मी एकदा मुद्दाम चिपळूणकडच्या ऑपरेटरला विचारून घेतलं, तर खरंच तिकडे धुकं होतं.

लहान उपकेंद्रांना वायरलेसचे सेट होते. त्यातलं एक मंडणगडचं. तिथे मर्चंडे नावाचे ऑपरेटर होते. भाऊ आणि मर्चंडे अकरा वर्षं रोज बोलत होते आणि एकमेकांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मर्चंडेंच्या मुलीचं लग्न, त्यांचा गुडघा, काजूची झाडं, सगळं भाऊंना माहीत. मर्चंडे निवृत्त व्हायचे होते, तेव्हा भाऊ रजा टाकून सकाळच्या एसटीने मंडणगडला गेले. समारंभ चालू होता. भाऊ मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि भाषणं संपल्यावर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मंडणगड, रत्नागिरी बोलतंय." मर्चंडे हार गळ्यात घेऊन उठले आणि गर्दीतून सरळ त्यांच्याकडे आले. हे आम्हाला भाऊंनी सांगितलं नाही. ते सांगणाऱ्यांतले नव्हते. मर्चंडेंनीच दुसऱ्या दिवशी मुद्दाम उपकेंद्रात येऊन सेटवरून सगळ्या उपकेंद्रांना सांगितलं.

भाऊंनी एक घंटा बनवली होती. सावर्डे उपकेंद्राला एक जादा टेलिफोनची तार रिकामी पडून होती. भाऊंनी भंगारातला रिले आणि घंटा घेऊन असं काही जोडलं, की सावर्डेचा ब्रेकर पडला की रत्नागिरीत आमच्या टेबलावर घंटा वाजायची. ब्रेकर म्हणजे फीडर, उपकेंद्रातून गावांकडे जाणारी लाइन, चालू-बंद करणारं मोठं बटणच म्हणा. घंटेशेजारी एक छोटा दिवा होता, तो सतत जळत असे. मी विचारलं, हा कशाला?

"हा दिवा जळतोय म्हणजे तार शाबूत हाय. दिवा विजला की समजायचं, तार तुटली. मग घंटा वाजली नाय म्हणून सगळं ठीक हाय असं धरायचं नाय. आयकलंस काय? गप्प बसलेलं माणूस बरं हाय की मेलेलं, हे आधी कळायला पायजे."

पुढे जे झालं ते सगळं या एका दिव्यात होतं. एका तंत्रज्ञाने भंगारातून जे केलं, ते लाखमोलाच्या यंत्रात कुणी केलं नव्हतं.

ते यंत्र दोन-तीन वर्षांनी आलं. तोवर आमच्या विभागाला नवे कार्यकारी अभियंता आले होते, अभय साळवी. नवे म्हणजे खात्याला नवे नव्हेत. बारा वर्षांपूर्वी शिकाऊ अभियंता म्हणून ते रत्नागिरीतच लागले होते आणि भाऊंच्या हाताखाली वायरलेस शिकले होते. त्या काळात त्यांना कावीळ झाली. खोलीवर एकटेच होते. भाऊंनी त्यांना आपल्या घरी आणलं आणि वहिनींनी दीड महिना पेज भरवली. हेही मला साळवीसाहेबांकडूनच कळलं. रुजू झाले त्या दिवशी ते सगळ्यांसमोर भाऊंच्या पाया पडले आणि म्हणाले, "मी आज इथे उभा आहे तो यांच्यामुळे." भाऊ लाजून मागे सरकले. आम्हाला फार बरं वाटलं होतं.

साळवीसाहेब हुशार होते, कामाला वाघ होते, हे मान्य केलंच पाहिजे. त्यांनी खटपट करून जिल्ह्यासाठी नवी योजना आणली. लहान उपकेंद्रांत एकेक पेटी बसणार, ती रेडिओवरून रत्नागिरीच्या संगणकाला सगळी माहिती कळवणार आणि पडद्यावर प्रत्येक फीडरची रेघ दिसणार. आमच्या धंद्यात लाल म्हणजे चालू, जिवंत. हिरवी म्हणजे बंद. इथे बसून बटण दाबलं की तिथला ब्रेकर उघडणार, मिटणार. म्हणजे सावर्ड्यासारख्या ठिकाणी ऑपरेटर ठेवायची गरजच उरणार नाही.

लोकांना वाटलं होतं भाऊ कुरकुर करतील. उलट ते पोरासारखे हरखले. काम घेतलेल्या मुंबईच्या कंपनीची माणसं आली, तर भाऊ त्यांच्याबरोबर उन्हातान्हात प्रत्येक खांबावर. अँटेना कुठे तोंड करून बसवायची, कुठला डोंगर आड येतो, हे कंपनीच्या माणसांना कागदावर सापडत नव्हतं, ते भाऊंनी बोट दाखवून सांगितलं. पडदा पहिल्यांदा उजळला तेव्हा ते त्याच्यासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे होते.

"माझ्या घंटेला आता रजा," ते म्हणाले. "वीस वर्षं वाट बघत होतो गो याची."

चार दिवसांनी मात्र त्यांनी मला विचारलं, "यात माझा दिवा कुठं हाय?"

मला कळलं नाही. कंपनीच्या माणसालाही कळलं नाही. भाऊंनी मग साळवीसाहेबांना गाठलं आणि एक चाचणी ठरवली. साहेब रत्नागिरीत पडद्यासमोर बसणार आणि भाऊ सावर्ड्याला जाणार. जाताना त्यांनी मलाही जीपमध्ये घेतलं. "ज्या डब्यावर इसवास ठेवून तू परवाने देणार, तो डबा बगून तरी घे."

सावर्ड्याचं उपकेंद्र बाजारापासून थोडं आत, जांभ्याच्या उघड्या कातळावर. भाऊंनी पेटीमागच्या अँटेनाचा जोड माझ्यासमोर उघडला. रेडिओचा संपर्क तुटला. मग फोनवर म्हणाले, "साहेब, सावर्डे फीडर काय दिसतोय?"

"लाल आहे भाऊ."

भाऊंनी ब्रेकर हाताने बंद केला. धाडकन आवाज झाला. "आता?"

"लालच."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मी फीडर बंद करून उभा हाय. माझ्यासमोर मेलेला हाय तो."

शेजारी उभ्या असलेल्या मलाही फोनमधून साहेबांच्या खुर्चीचा करकर आवाज आला.

म्हणजे गोष्ट अशी होती. रेडिओ तुटला की पडदा ते सांगत नव्हता. त्याला शेवटचं जे कळलं होतं, तेच तो दाखवत राही. लाल असेल तर लाल, हिरवी असेल तर हिरवी. भाऊंनी जोड परत आवळला, वर रबरी टेप गुंडाळली, दोनदा ओढून पाहिलं आणि आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पानांची टिपणी लिहिली. अक्षर मोत्यासारखं. मला वाचून दाखवली. शेवटचं वाक्य होतं: हा दोष दूर होईपर्यंत केवळ पडद्यावर पाहून परवाना देऊ नये. ती घेऊन ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने बाहेर आले.

"दिलीत?" मी विचारलं.

"फाडली."

साहेब त्यांना म्हणाले होते, "भाऊ, हा कागद आवकेच्या नोंदवहीत गेला की योजना वर्षभर अडकेल. उद्घाटनाची तारीख ठरलीये. कंपनीकडून मी पंधरा दिवसांत हे नीट करून घेतो. माझा शब्द आहे. तुम्हाला माझ्या शब्दापेक्षा कागद मोठा वाटतो का?"

"असं बोलल्यावर काय करणार?" भाऊ म्हणाले. "आमच्या घरात वाढलेलं पोर ते. मी त्याच्यासमोरच फाडली. शब्दावर भागतंय, तर कागद कशाला?"

उद्घाटन झालं. मंडप, हार, पेढे. पंधरा दिवस गेले, मग दोन महिने. भाऊ दर सोमवारी केबिनमध्ये जात आणि साहेब दर सोमवारी हसून म्हणत, "चालू आहे भाऊ, मागे लागलोय." सावर्ड्याचे ऑपरेटर काढून दुसरीकडे पाठवले. आणि पावसाळा संपता संपता एक परिपत्रक आलं. पडद्यावरची स्थिती अधिकृत धरावी, तोंडी खात्री करण्यात वेळ दवडू नये. सही साळवीसाहेबांची. भाऊंनी ते वाचलं आणि जागेवर ठेवलं. त्यांच्या पाळीत मात्र ते तिथल्या जवळपासच्या कुणाला तरी उपकेंद्रात पाठवून, ब्रेकर डोळ्यांनी बघायला लावून मगच परवाना देत राहिले. त्याबद्दल त्यांना एक मेमो मिळाला.

ऑक्टोबरातली दुपार होती. भातकापणी चालू होती आणि परतीचा पाऊस गडगडत फिरत होता. पाळी माझी होती. भाऊ गुहागरकडे एका अँटेनाच्या कामाला गेले होते. सावर्ड्याचा फीडर पडला, म्हणजे आपोआप बंद झाला, रेघ हिरवी झाली. पुढचं मला नंतर कळलं. पाठोपाठ कुठेतरी वीज कोसळली आणि पेटीचा रेडिओ बंद पडला. थोड्या वेळाने दुसऱ्या गावात काम संपवून आलेल्या लाइनमनच्या गँगने उपकेंद्रात जाऊन फीडर हाताने चालू केला. त्यांना वाटलं, रत्नागिरीला दिसतंच आहे.

साडेतीनच्या सुमारास सदा घागचा फोन आला. सदा सावर्ड्याचा लाइनमन, माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. तारेवर आंब्याची मोठी फांदी येऊन पडली होती.

"ताई, फीडर बंद हाय ना? चढू काय?"

मी पडद्याकडे पाहिलं. रेघ हिरवी होती. मला सावर्ड्याचा तो कातळ आठवला नाही, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. आठवला. क्षणभर. पण परिपत्रक समोर काचेखाली होतं, दुसरे दोन फोन वाजत होते आणि वायरलेसवर खरखरीशिवाय काही येत नव्हतं.

"बंद आहे. परवाना देते, लिहून घे," मी म्हटलं.

सदा तार जमिनीशी जोडणारा अर्थिंगचा दांडा तारेला लावायला गेला, तोच ओली फांदी सरकून त्याच्या हातावर आली. तो वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशीला बाहेरून तीन अधिकारी आले. आदल्या दिवशी साळवीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला.

"सुमन, परवाना तू दिलायस, हे विसरू नकोस," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "माझ्या हातात आहे ते मी करतोय. विचारतील तेवढंच सांग. आपण होऊन काही बोलू नकोस. तुझ्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही."

"आणि भाऊ?"

"भाऊंना मी सांभाळून घेईन. ते मला वडिलांसारखे आहेत. तुला माहीतच आहे."

मला ते खरं वाटलं. आज विचार करते, तेव्हा वाटतं, खरं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

चौकशीत मला पाच-सहा प्रश्न विचारले. परवाना किती वाजता दिला, पडद्यावर काय दिसत होतं. मग मधल्या अधिकाऱ्याने चष्मा सारखा केला.

"सावर्डे उपकेंद्रातल्या अँटेनाचा जोड नाटेकर यांनी उघडलेला तुम्ही स्वतः पाहिला का?"

"हो," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे तशी लेखी परवानगी होती?"

"माहीत नाही."

"ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

मी उठले. दारापर्यंत सात-आठ पावलं होती. त्या सात-आठ पावलांत मला वळता आलं असतं. जोड का उघडला, फोनवर पलीकडे कोण होतं, टिपणी कुणासमोर फाडली, हे सांगायला दोन मिनिटं लागली नसती. मी दार उघडून बाहेर आले.

साळवीसाहेबांनी आत काय सांगितलं ते नंतर बाहेर आलं. दोषाबद्दल कुणीही, कधीही तक्रार केलेली नाही. नाटेकर नव्या यंत्रणेच्या विरोधात होते, त्यासाठी त्यांना मेमो दिलेला आहे. त्यांनी विनापरवानगी अँटेनाशी छेडछाड केली, त्यामुळे जोड सैल राहिला असावा. भाऊंनी चाचणीची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांच्याकडे कागद मागितला. कागद नव्हता. साहेबांना विचारलं, तर त्यांनी अशी चाचणी झाल्याचं आठवत नाही म्हणून सांगितलं. समोरासमोर, भाऊंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, असं तिथे बसलेला लेखनिक म्हणाला.

भाऊ त्या खोलीतून निघून थेट नियंत्रण कक्षात आले. मी पाळीवर होते. त्यांनी आपली छत्री घेतली, डबा घेतला आणि माझ्या टेबलाशी थांबले.

"तुला काय विचारलं गो?"

"जोड उघडताना पाहिलं का म्हणून."

"मग?"

"हो म्हटलं."

"आणि कशासाठी उघडला तें?"

"ते... त्यांनी विचारलंच नाही, भाऊ."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. राग असता तर मी पाय तरी धरले असते. आमच्या वायरलेसवर एखादं स्टेशन बोलता बोलता मध्येच नाहीसं व्हायचं, तेव्हा ते असेच सेटकडे बघत थांबत.

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

ते निलंबित झाले. सात महिन्यांनी परत घेतलं ते पगारवाढी रोखून, आणि नेमणूक दिली मंडणगडच्या भांडारात, खिळे आणि वायरी मोजायला. तिथून वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला एक लेखी समज मिळाली, तीही पुढे माझ्या फायलीत कुणी पाहिली नाही. साळवीसाहेब बढतीवर मुंबईला मुख्य कार्यालयात गेले. निरोपाच्या समारंभात मला म्हणाले, "बघ, तुझी नोकरी राहिली की नाही?" भाऊंचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

अपघातानंतर महिन्याभराने मुंबईच्या कंपनीचा एक माणूस आला होता. संगणकासमोर बसला, जेवायला उठला, परत बसला. चहाच्या वेळेपर्यंत त्याचं काम झालं. आता रेडिओ तुटला की रेघ राखाडी होते आणि बाजूला लिहून येतं, संपर्क नाही. एका दुपारचं काम होतं ते. मी त्याला विचारलं, हे आधी का नाही केलं? तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

म्हणजे साहेबांनी कंपनीला एकदाही कळवलं नव्हतं. दर सोमवारी जे 'चालू आहे' होतं, ते काहीच चालू नव्हतं. हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा घरी जाऊन रडले. सदासाठी रडले की भाऊंसाठी की माझ्या स्वतःसाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

चार-पाच वर्षं गेली. सदाला खात्याने सावर्ड्याच्या कार्यालयात शिपाई म्हणून ठेवलं होतं. एकदा मी कामासाठी तिथे गेले, तर त्याने डाव्या हाताने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "भाऊ येऊन गेले परवा. महिन्यातनं एकदा येतात. म्हावरं घेऊन येतात दाभोळवरनं." त्या दिवसानंतर मला भाऊ कधी भेटले नव्हते, मीच भेटले नव्हते. सदाकडून पत्ता घेण्याचीही गरज नव्हती. दाभोळच्या धक्क्यावर कुणालाही विचार, असं तोच म्हणाला.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी सगळं लिहून काढलं. चाचणीचा दिवस, फोनवरचं बोलणं, फाडलेली टिपणी, चहा पाजून मला सांगितलेलं सगळं. चार पानं झाली. खाली सही केली. आणि रविवारी सकाळी दाभोळला गेले.

ओहोटी होती. धक्क्याला मचवे लागले होते, जाळी वाळत होती. भाऊ एका बोटीच्या केबिनबाहेर वायरलेसचा सेट उघडून बसले होते. दाभोळच्या बोटींचे सगळे सेट तेच बघतात असं कळलं. केस पांढरे झाले होते, पण सदरा तोच, अर्ध्या बाह्यांचा. मला बघून ते उठले, हात पुसले आणि धक्क्यावर उतरले.

"या मॅडम," ते म्हणाले. "कधी आलात? प्रवास बरा झाला ना?"

'काय गो' ऐकायची तयारी करून मी गेले होते. शिव्या ऐकायचीही करून गेले होते. याची केली नव्हती.

मी ती चार पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानेच वाचली, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. एका पानावर परत मागे गेले. मग घडी घातली.

"साहेब कुठं असतात आता?" त्यांनी विचारलं.

"मुंबईलाच. मुख्य अभियंता झालेत."

"तब्येत बरी हाय ना त्यांची? कावीळ झालेल्या माणसानं जपायला लागतं."

मला त्यांच्याकडे बघवेना. "भाऊ, मी तेव्हा बोलायला हवं होतं," मी म्हटलं.

"तुम्ही खोटं नाय बोललात," ते म्हणाले. "विचारलं तेवढं खरंच सांगितलंत. साहेबांचं तसं नाय, ते खोटं बोलले. पण त्यांचं मला एवढं लागलं नाय." ते थांबले. मग कागदाची घडी माझ्या हातात परत ठेवली. "हा मला कशाला? मला सगळं माहीतच हाय. ज्यांना माहीत नाय त्यांना द्या."

वहिनींची चौकशी करावी, घरी जावं, असं माझ्या मनात होतं. त्यांनी घरी बोलावलं नाही. "फेरीबोट दहा मिनिटांत सुटेल," असं मात्र आठवणीने सांगितलं. पलीकडच्या तीरावरून मला परतीची गाडी लवकर मिळाली असती.

तो कागद मी सोमवारी मुख्य कार्यालयाच्या नावाने आवकेत टाकला, शिक्का मारून पोच घेतली. त्याचं पुढे काय झालं, ते मला कुणी कळवलेलं नाही. पण त्या रविवारी मी फेरीबोटीत चढलेच नाही. धक्क्यावरच उभी राहिले. भाऊ बोटीवर परतले, सेट जागेवर बसवला आणि तो तपासायला बोट खाडीच्या तोंडाकडे निघाली. ते केबिनच्या टपावर चढून अँटेना बांधत होते, किनाऱ्याकडे पाठ करून. बोट लांब जाईपर्यंत ती पाठ वळली नाही. सुकाणूवरचा तांडेल मात्र, मी आपल्याच कुणाला तरी निरोप द्यायला आलेय असं समजून, मला हसत हसत हात करत राहिला.